न दिलेल्या निरोपाची कादंबरी: मैत्री, चूक आणि दुसरी संधी लिहायची तर

साल १९९८. सोलापूरच्या पूर्व भागातली एक चाळ. चाळीत टेलिफोन एकाच घरी, वैशालीच्या, कारण तिचे वडील टेलिफोन खात्यात. बाकीच्या घरांनी तोच नंबर पुढं 'पी.पी.' लिहून पाहुण्यांना, नोकरीच्या अर्जांवर, सगळीकडं देऊन ठेवलेला. एका शनिवारी दुपारी मिरजेहून फोन येतो. पद्माला नर्सिंगच्या मुलाखतीला बोलावलंय, सोमवारी सकाळी दहा वाजता. फोन वैशाली घेते. 'सांगते' म्हणते. आणि सांगत नाही.

पद्मा आणि वैशाली या दोघी मी रचलेल्या आहेत. मैत्री, हातून घडलेली चूक आणि नंतर मिळालेली किंवा न मिळालेली दुसरी संधी यांवर कादंबरी कशी उभी करायची हे सांगताना मी शेवटपर्यंत या दोघींनाच सोबत घेणार आहे. नुसते नियम सांगितले की ते वाचताना पटतात आणि लिहायला बसल्यावर हाताशी येत नाहीत. एक गोष्ट समोर असली की प्रत्येक पायरीला काय बिघडतं आणि काय सावरतं ते दिसतं.

पहिली पायरी: चूक शोधा, आणि घाई करू नका

लिखाणाला सुरुवात करण्याआधी मी सगळ्यात जास्त दिवस इथं घालवते. चूक नीट सापडली नाही, तर पुढची दोनशे पानं कितीही सुंदर लिहा, वाचक पन्नासाव्या पानावर पुस्तक बाजूला ठेवतो.

अपघाताला चूक समजू नका. ब्रेक लागला नाही, मित्र गेला, गाडी चालवणारा जन्मभर झुरतो: यात दुःख आहे, पण निवड नाही. गैरसमजाचं तर त्याहून अवघड. 'त्यानं तिला दुसऱ्याबरोबर पाहिलं आणि मैत्री तुटली' अशी गोष्ट एका चहात मिटू शकते. मग वाचक विचारत राहतो की ही माणसं एकमेकांशी बोलत का नाहीत, आणि त्याचं उत्तर 'कादंबरी लांबवायची आहे म्हणून' एवढंच असतं.

मला हवी असते ती हाताला हलकी आणि परिणामाला जड अशी चूक. वैशालीनं काय केलं? काहीच नाही. चार वाक्यांचा निरोप दिला नाही, एवढंच. पण हे 'काहीच नाही' वाचकाला पटायचं तर ते तासातासानं उलगडावं लागतं. शनिवारी फोन आला तेव्हा नळाला पाणी यायची वेळ झालेली. घागरी, पिंप, आईची आरडाओरड. तिनं ठरवलं, रात्री सांगू. रात्री अंथरुणात पहिल्यांदा वेगळा विचार आला: ही मिरजेला गेली तर तीन वर्षं मी इथं एकटी. रविवारी सकाळी पद्मा सूप मांडीवर घेऊन बसलेली, हजार विड्या पुऱ्या करायच्या होत्या, मान वर करायला फुरसत नव्हती. वैशाली दारापर्यंत जाऊन परत आली. संध्याकाळी पुन्हा आठवलं. रात्रीची एसटी सुटायची वेळ झाली तेव्हा घड्याळ बघून तिच्या पोटात खड्डा पडला, आणि त्या खड्ड्यात थोडी सुटकाही होती.

ती विसरली का? नाही. तिनं ठरवून केलं का? तसंही म्हणता येत नाही. तीनदा आठवलं आणि तीनदा गिळलं. कादंबरी या मधल्या जागेत राहते. चूक करणाऱ्याजवळ कारण असावं, पण ते कारण त्याला स्वतःलाही पुरतं पटलेलं नसावं.

आता वही घ्या आणि तुमच्या गोष्टीतली चूक चार वाक्यांत लिहा. काय केलं. तेव्हा स्वतःला काय सांगितलं. समोरच्याचं काय गेलं. आणि खरं म्हणजे आणखी काय गेलं.

चौथ्या वाक्यावर अडकाल. अडकाच. माझ्या वहीत तिसऱ्या जागी 'पद्माचं नर्सिंग गेलं' असं होतं आणि चौथी जागा कित्येक दिवस रिकामी होती. मग एकदा लक्षात आलं: पद्माला फोन आल्याचं माहीतच नाही. म्हणजे पंचवीस वर्षं ती असं समजून जगली की तिला बोलावलंच नाही. आपण त्या लायकीचे नव्हतो, असं. नर्सिंग गेलं हे नुकसान मोजता येतं. स्वतःबद्दलचं मत गेलं ते मोजता येत नाही, आणि ते गेलंय हे तिला स्वतःलाही ठाऊक नाही. हे सापडलं त्या दिवशी मला कादंबरी सापडली.

दुसरी पायरी: आधी मैत्री उभी करा, मगच मोडा

पुष्कळ हस्तलिखितांत 'त्या दोघी जिवलग मैत्रिणी होत्या' असं एक वाक्य येतं आणि पुढच्या पानावर ताटातूट. वाचकानं कशावर विश्वास ठेवायचा?

यासाठी मी देण्याघेण्याची वही करते. दोन रकाने, प्रत्येकीचं नाव वर. कुणी कुणाला काय दिलं, काय घेतलं, काय परत केलं नाही. वैशालीनं पद्माला दहावीच्या गणिताच्या वह्या दिल्या. पद्मानं वैशालीला विड्यांच्या पैशातून गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत, बांगड्या घेतल्या आणि घरी मार खाल्ला. वैशालीच्या आईनं, पद्मा त्यांना काकू म्हणायची, पद्माचा फॉर्म भरायला पैसे दिले. पद्माच्या आईच्या, अम्माच्या, हातची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वैशालीनं तिच्या दारात बसून किती वेळा खाल्ली त्याचा हिशेब नाही. अशा वीसेक नोंदी झाल्या की त्यातल्या सहा-सातच कादंबरीत येतील, पण त्या कुठल्या ते आपोआप कळतं. आणि एक नोंद अशी शोधा जी मैत्रीतला तोल दाखवते. इथं फोन वैशालीच्या घरी आहे. म्हणजे या मैत्रीत निरोप देण्याची सत्ता पहिल्यापासून एकीकडंच होती. हे तुम्ही कुठं लिहून सांगू नका, प्रसंगांतून दिसू द्या.

तिसरी पायरी: शहराला कामाला लावा

सोलापूर लिहायचं म्हणून सिद्धेश्वर मंदिर, तलाव, भुईकोट किल्ला, चादर असं एकामागोमाग आणलं की ते माहितीपत्रक होतं. जागा तेव्हाच आणा जेव्हा तिच्यावाचून प्रसंग घडणार नाही. पाणी येण्याच्या दिवसावाचून वैशालीचा उशीर घडत नाही. घरात विड्या वळल्या जात नसत्या, तर पद्माची रविवारची सकाळ मोकळी असती आणि निरोप मिळाला असता. म्हणजे शहराची दोन मोठी दुखणी, पाणी आणि विडी, त्या चुकीच्या आत आहेत.

एक दिवस पायी फिरा. अशोक चौकाकडून कन्ना चौकापर्यंत चाला, यंत्रमागांचा आवाज कुठं सुरू होतो आणि कुठं विरतो ते टिपा. मार्चनंतर दुपारी एकला फिरा आणि रस्ता कसा रिकामा होतो ते बघा. आमचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. सोलापूरच्या कादंबरीतली माणसं भर दुपारी रस्त्यावर उभं राहून लांबलचक बोलत असतील तर इथला वाचक लगेच ओळखतो. बोलणी सकाळी लवकर होतात, नाहीतर रात्री, गच्चीवर, नाहीतर पाण्याच्या रांगेत.

चार हुतात्मा पुतळ्यांच्या चौकातून रोज जाणाऱ्या पात्रानं प्रत्येक वेळी इतिहास आठवायची गरज नाही. पण मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, आणि जानेवारीच्या त्याच दिवसांत शहर सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या तयारीत असतं, हे तुम्हाला माहीत असावं. जानेवारीत घडणाऱ्या प्रकरणाचा रंग त्यानं बदलतो.

चौथी पायरी: काळाचा तक्ता

दोन काळांत चालणाऱ्या गोष्टीत सगळ्यात जास्त चुका इथं होतात. मोठ्या कागदावर साल उभं लिहा, दोन्ही पात्रांची वयं शेजारी, आणि त्या साली घरात कुठली वस्तू होती ते तिसऱ्या रकान्यात. १९९८ ला देशात मोबाइल सुरू होऊन तीन वर्षं झालेली, पण आमच्या चाळीपर्यंत तो आलेला नव्हता. तो आला असता तर ही कादंबरीच झाली नसती.

प्रवास विशेष तपासा. पद्माला आजच्यासारखं रेल्वेनं मिरजेला पाठवाल तर फसाल: कुर्डुवाडी-मिरज मार्ग तेव्हा नॅरोगेज होता, ती छोटी गाडी पंढरपूरवरून रमतगमत जायची. सोमवारी दहाला पोचायचं तर रविवार रात्रीची एसटी. या एका गोष्टीमुळं माझ्या निरोपाला शेवटची मुदत मिळाली. तपशील तपासायला बसलं की असे प्रसंग हाती लागतात, म्हणून त्याचा कंटाळा करू नका. जुनी वर्तमानपत्रं वाचनालयात चाळा, हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था शहरात आहे. आणि त्या काळी विशीत असलेल्या दोन बायकांशी निवांत बोला.

मधल्या वर्षांचं काय? सगळी लिहायची नाहीत. पण प्रत्येकीच्या आयुष्यातला एक दिवस असा हवा जेव्हा सत्य सांगता आलं असतं आणि सांगितलं नाही. वैशाली पद्माच्या लग्नात अक्षता टाकते तो दिवस माझ्या तक्त्यात लाल शाईनं आहे.

पाचवी पायरी: सांगणारं कोण

चूक करणारीनं 'मी' म्हणून गोष्ट सांगितली की ती जवळची वाटते, आणि तिथंच धोका असतो. 'मी' वकिली करायला लागते. 'मी लहान होते', 'घरची परिस्थिती', 'आई ओरडत होती'. वाचक दहा पानं ऐकून घेतो, मग कंटाळतो. जिच्यावर अन्याय झाला तिच्याकडून सांगितली तर इथं अडचण वेगळी: पद्माला चूक माहीतच नाही.

मी बराच काळ वैशालीच्या 'मी'त लिहिलं आणि शेवटी दोघींना तृतीयपुरुषात आळीपाळीनं घेतलं. पद्माच्या प्रकरणांत फोनचा उल्लेख नाही. वाचकाला माहीत आहे, तिला नाही. ती गणवेश शिवायच्या युनिटमध्ये मशीनवर बसते, मुलीच्या फीचा हिशेब करते, 'आपल्याला कुठं बोलावलं होतं' असं सहज बोलून जाते, आणि वाचकाच्या घशात आवंढा येतो. रडणं पात्रानं करण्यापेक्षा वाचकाकडं जाऊ द्या.

सहावी पायरी: बोलणं

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एका गल्लीत ऐकू येतात. सिद्धेश्वरांची, म्हणजेच सिद्धरामेश्वरांची, वचनं कन्नडात आहेत, आणि ती मानणाऱ्यांत घरी मराठी बोलणारे असंख्य. तेव्हा सगळ्या पात्रांना पुस्तकी मराठीत बोलायला लावू नका, आणि प्रत्येक ओळीत 'काय बे' घालून गंमतही करू नका. भाषा कधी बदलते हे महत्त्वाचं. पद्मा वैशालीशी मराठीत बोलते, 'काय करूलालीस गं?' असं, इथल्या वळणाचं. अम्माशी तेलुगूत. सगळ्यात मोठा प्रश्न मात्र अम्मा विचारते, आणि तो तेलुगूतच येतो: 'एंदुकु चेप्पलेदु?' का सांगितलं नाहीस? खाली अर्थ देऊ नका. आधीच्या पानांत 'चेप्पु' हा शब्द दोन-तीनदा अशा जागी येऊ द्या की वाचक तो आपसूक शिकेल.

सातवी पायरी: कबुलीचं प्रकरण

आधी ती आताच का बोलते, हे ठरवा. पंचवीस वर्षं गप्प राहिलेलं माणूस नुसतं मन भरून आलं म्हणून बोलत नाही. माझ्या गोष्टीत २०२३ साली पद्माच्या मुलीला नर्सिंगचा अर्ज भरायचाय आणि पद्माच तिला अडवते. 'आपल्या घरात ते व्हायचं नाही. मला तरी कुठं बोलावलं होतं?' म्हणजे वैशालीचं गप्प राहणं आता दुसऱ्या मुलीचं आयुष्य खाणार आहे. गप्प राहण्याची किंमत बोलण्याच्या किमतीपेक्षा जास्त झाली की पात्र बोलतं. हे गणित जुळेपर्यंत कबुली लिहू नका.

मग तिला भाषण देऊ नका. हातांना काम द्या. अम्मा आता थकलीय, नजर अधू झालीय, पण सूप अजून मांडीवर आहे. वैशाली भिजवलेली पानं कापायला घेते, तिला नीट जमत नाही. अर्धं पान फाटतं आणि ती मान खाली घालूनच म्हणते, 'फोन आला होता. मिरजेचा. मी घेतला होता.' बस. 'मला माफ कर' हे वाक्य मी सहा वेळा लिहिलं आणि सहा वेळा काढलं. माफी मागितली की समोरच्याला लगेच काहीतरी द्यावं लागतं, आणि पद्माजवळ त्या क्षणी द्यायला काही नाही.

पद्मा काय म्हणेल? पहिल्या मसुद्यात ती ओरडली. दुसऱ्यात रडली. दोन्ही खोटं वाटलं. मग मी चौथ्या वाक्याकडं परत गेले, तिनं स्वतःबद्दलचं मत गमावलंय तिथं. आणि तिचा प्रश्न आला: 'किती वाजता आला होता?' तिला पुरावा हवाय. तो फोन खरंच आला होता, घड्याळात एक वेळ होती, त्या वेळेला कुणीतरी मिरजेत बसून तिचं नाव घेतलं होतं. राग नंतर येईल, दोन प्रकरणांनी, भांडी घासताना, आणि तो भयंकर असेल. तेवढी जागा ठेवा. एका बैठकीत राग, रडू आणि क्षमा उरकणाऱ्या कादंबऱ्या मला वाचकाचा अपमान वाटतात.

आठवी पायरी: दुसरी संधी म्हणजे काय ते ठरवा

सिद्धेश्वरांच्या यात्रेत भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा होतो. पांढऱ्या बाराबंदीतले लोक, सात उंच नंदीध्वज, आणि लाखो हातांनी एकदम टाकलेल्या अक्षता. त्यामागची कथा सोलापुरात सगळ्यांना पाठ असते. कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशी लग्नाची इच्छा सांगितली. ते योगी, त्यांना ते शक्य नव्हतं. पण तिला रित्या हातानं पाठवलं नाही, आपल्या योगदंडाशी विवाह करायला संमती दिली.

लहानपणापासून ऐकलेली ही कथा कादंबरी लिहिताना मला नव्यानं समजली. जे मागितलं ते मिळालं नाही. जे मिळालं ते वेगळ्या रूपात मिळालं, आणि ते द्यायचं की नाही हे देणाऱ्याच्या हातात होतं. तुमच्या गोष्टीतली दुसरी संधी या कसोटीवर घासून बघा. पंचेचाळिशीच्या पद्माला नर्स करून शेवट गोड केलात तर १९९८ चा तो रविवार पुसून टाकल्यासारखा होतो. आणि वैशालीला जुनी मैत्री जशीच्या तशी परत दिलीत तर चुकीला वजनच उरत नाही. वैशालीनं मागायची मैत्री, आणि मिळायचं एखादं काम: पद्माच्या मुलीला मुलाखतीला घेऊन जायचं. त्या कामात मैत्रीचा अंश आहे की नाही हे पद्मानंही अजून ठरवलेलं नाही.

शेवट मी तीनदा लिहिला. पहिल्यात दोघी तलावाकाठी गळ्यात पडल्या. दुसऱ्यात पद्मानं मुलीच्या अर्जावर 'पर्यायी मोबाइल क्रमांक' या रकान्यात वैशालीचा नंबर लिहिला. हा मला फार आवडला होता, मैत्रिणींनाही. पण पुन्हा वाचला तेव्हा तो लेखकानं लिहिलेला नंबर वाटला. तिसऱ्यात पद्मा भरलेला अर्ज वैशालीच्या टेबलावर ठेवून निघून जाते. तो एक रकाना कोरा आहे. मी तिसरा ठेवला.

रोजचं काम

दिवसाला तीनशे शब्द. दीडशे दिवसांत पंचेचाळीस हजार होतात आणि अशा गोष्टीला तेवढे पुरतात. वेळ एकच ठेवा, पाण्याच्या दिवशीसुद्धा. आधीचं प्रकरण दुरुस्त करत बसू नका. फक्त चूक आणि कबुली ही दोन प्रकरणं आधी लिहून ठेवा, बाकीची त्यांच्यामधल्या रस्त्यासारखी येतात. टंकलेखन युनिकोडमध्येच करा, जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा चिखल होतो.

मसुदा पुरा झाला की पंधरा दिवस बंद ठेवा. मग मोठ्यानं वाचा, संवाद तर नक्कीच. वाचायला द्यायचा तर तिघांना: एक खूप वाचणारा, एक त्या वस्तीत वाढलेला, आणि एक असा की ज्याला दुखावणं तुम्हाला चालणार नाही. तिघांनाही एकच विचारा, 'कुठल्या पानावर तुमचा विश्वास उडाला?' आवडलं का, असं विचारू नका.

प्रकाशनाचं थोडक्यात. लिहिलेल्या मजकुरावर तुमचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लिहिताक्षणीच तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. पुस्तकाला लागणारा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात विनामूल्य मिळतो आणि बहुधा प्रकाशकच तो घेतो. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची जाहिरात निघाली की अटी नीट वाचून अर्ज करा. छापायचे सगळे पैसे लेखकाकडूनच मागणाऱ्याशी करार करण्याआधी किती प्रती छापणार, कुठं विकणार आणि उरलेल्या कुणाच्या, हे लेखी घ्या.

आणि एक काम हस्तलिखित कुठंही पाठवण्याआधीचं. तुमच्या गोष्टीतली चूक खऱ्या आयुष्यातून आली असेल, ती तुमच्या हातून घडली असेल आणि ज्याच्याबाबतीत घडली ते माणूस हयात असेल, तर नावं, गाव, व्यवसाय बदलून भागत नाही. छापील पुस्तकातून त्याला ते कळता कामा नये. हस्तलिखिताची एक प्रत काढा, स्वतः घेऊन जा, सकाळी जा, आणि तोंडानं सांगा. प्रत तिथं ठेवायची की परत आणायची ते त्याला ठरवू द्या.